स्टर्मी-आर्चरसारखा हब बनवणारी कंपनी बंद कशी पडली?

लष्करकर, ग्वाल्हेर

नमस्कार. आमच्या लष्करातल्या घरी आजोबांची रॅले सायकल आहे. ग्वाल्हेर ही मध्यभारताची हिवाळी राजधानी होती त्या काळात आजोबा सरकारी कचेरीत कारकून होते, आणि ही सायकल त्यांनी तेव्हा हप्त्यांनी घेतली, असे आजी सांगत असे. मागच्या चाकाच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्यावर, ‘स्टर्मी-आर्चर’ हे नाव, ‘एडब्ल्यू’ ही अक्षरे आणि ‘54’ हा आकडा कोरलेला आहे. हा आकडा हब तयार झाल्याच्या वर्षाचा असतो, हे मला अलीकडेच कळले. आत तीन गिअर आहेत, पण बाहेरून त्यांतले काहीच दिसत नाही. एक्सलच्या पोकळ टोकातून एक बारीक साखळी बाहेर येते आणि ती तारेने हँडलवरच्या खटक्याला जोडलेली असते, एवढेच काय ते दिसते.

वडिलांनी नोकरीभर ही सायकल लष्कर ते बिर्लानगर अशी चालवली. हब एकदाही उघडावा लागला नाही. तीन वर्षांपूर्वी मी ती एका मिस्त्रींकडे ओव्हरहॉलिंगला दिली, त्यांनी हब उघडून आत भरपूर ग्रीस भरले, आणि तेव्हापासून पहिला गिअर निसटतो. दुसरा आणि तिसरा व्यवस्थित लागतो. पहिल्यावर जोर दिला की पायडल एकदम रिकामे फिरते. पडाव पुलाच्या चढावर दोनदा पडता पडता वाचलो.

भाग मिळतात का म्हणून शोध घेतला, तेव्हा कळले की इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा स्टर्मी-आर्चरचा कारखाना 2000 सालीच बंद झाला. माझ्या मनातून हे जात नाही. सत्तर वर्षांनंतरही ज्याचा एक दातसुद्धा झिजलेला नाही अशी वस्तू बनवणारा कारखाना बुडतो कसा? नोकरीच्या निमित्ताने मी रोज मालनपूरला जातो. तिथे ॲटलस सायकलचा कारखाना होता, तोही बंद आहे. घरात सगळ्यांचे म्हणणे असे की वस्तू इतकी टिकाऊ असली की लोक दुसरी घेतच नाहीत आणि कंपनी आपल्याच चांगुलपणाने मरते. हे खरे आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

हत्यारखाना, ग्वाल्हेर

लष्करकर, आधी हबचे पाहू, कारण तो कळला की कंपनीचे दुखणेही कळायला सोपे जाईल. मी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केले आहे आणि असे पाच-सहा हब स्वतः उघडले आहेत.

फक्त पहिला गिअर निसटतो याचा अर्थ आतले दाते शाबूत आहेत. या हबमध्ये कुत्र्यांच्या, म्हणजे स्प्रिंगने वर येऊन खाचेत अडकणाऱ्या आणि चाक फिरवणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या, दोन जोड्या असतात. एक जोडी उजवीकडे, बाहेरच्या दातेरी कड्याला लागून असते आणि ती दुसऱ्या व तिसऱ्या गिअरचे ओझे उचलते. दुसरी जोडी डावीकडे, छोट्या चाकांच्या पिंजऱ्यावर असते आणि तिला काम पडते ते फक्त पहिल्या गिअरमध्ये. कुत्र्यांमागची स्प्रिंग जवळजवळ केसाइतकी बारीक असते. ग्रीस घट्ट झाले की तिच्यात कुत्र्याला वर उचलण्याचे बळ राहत नाही, कुत्रा खाचेत बसत नाही आणि पायडल रिकामे जाते. डावीकडचे कुत्रे आणि पिंजरा रॉकेलने स्वच्छ धुवून घ्या, ब्रशने ग्रीस पूर्ण काढा, बोटाने दाबून कुत्रा टचकन वर येतो की नाही ते पाहा आणि मग पातळ मशीन ऑइल घाला. हबच्या कवचावर तेल घालायचे छोटे झाकण त्यासाठीच दिलेले आहे. घरातले मोहरीचे तेल मात्र घालू नका, काही महिन्यांत त्याचा गोंद होतो. नंतर तार लावताना खटका मधल्या गिअरवर ठेवा आणि उजव्या बाजूच्या नटाच्या भोकातून आत पाहा. साखळीच्या मुळाशी असलेल्या बारीक दांड्याचे टोक एक्सलच्या टोकाशी अगदी एका पातळीत आले पाहिजे. ते पुढेमागे राहिले तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये पायडल मोकळे सुटण्याची जागा येते, आणि चढावर तेही तितकेच धोक्याचे आहे.

आता आतली रचना. मधले चाक एक्सलवर पक्के बसवलेले असते, त्याला 20 दाते. बाहेरच्या कड्याला 60. दोहोंच्या मध्ये छोटी चाके पिंजऱ्यात फिरतात. पायाचे बळ कड्यातून आत जाऊन पिंजऱ्यातून बाहेर आले की चाक तीन-चतुर्थांश वेगाने फिरते, उलट गेले की एक-तृतीयांशाने जास्त, आणि थेट गेले की जितके तितके. तीन गिअर म्हणजे एवढेच. ज्यांनी हे पहिल्यांदा पुठ्ठ्यावर आखले असेल त्यांच्या बुद्धीपुढे आजही हात जोडावेसे वाटतात. 1902 मध्ये नॉटिंगहॅमला रॅलेच्या फ्रँक बाउडन यांनी हा उद्योग उभा केला. नाव हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांचे लागले, मूळ कल्पनेत विल्यम रायली यांचा वाटा मोठा होता.

आता तुमच्या घरचे मत. टिकाऊपणामुळे कंपनी मेली, हे ऐकायला पटते, पण हिशोबात बसत नाही. स्टर्मी-आर्चरचा धंदा जुने हब बदलून देण्यावर कधीच चालत नव्हता. प्रत्येक नवा हब एका नव्या सायकलीबरोबर बाहेर पडत असे. तुमच्या आजोबांनी दुसरा हब घेतला नाही म्हणून कंपनीचे काही अडले नाही, कारण आजोबा तिचे गिऱ्हाईक नव्हतेच. तिचे गिऱ्हाईक होते रॅले. आजोबांनी सायकल पसंत केली, आणि हब कोणता बसवायचा ते रॅलेच्या खरेदीखात्याने ठरवले. सुटे भाग बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्याची गाठ इथेच असते. वस्तूची पारख वापरणाऱ्याला असते, तर ऑर्डर देतो जोडणी करणारा, आणि त्याच्या डोळ्यांपुढे भाव, तारीख आणि पुढच्या वर्षीची विक्री एवढेच असते.

जोवर रॅले जगभर सायकली पाठवत होती तोवर हे नाते सोन्याचे होते. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला रॅले वर्षाला दहा लाखांच्या आसपास सायकली काढत होती. पण तोच काळ तिच्या बाजारपेठा बंद होण्याचाही होता. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली, 1949 मध्ये मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल उभी राहिली, आसनसोलला सेन-रॅले आली, सोनीपत आणि लुधियाना पुढे आले. या कारखान्यांनी साधी काळी सायकल बनवली, जिला गिअरच नव्हता. तुमच्या आजोबांसारखी तीन गिअरची सायकल घेणारे तेव्हाही थोडेच होते.

मग 1960 मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या ब्रिटिश कंपनीने रॅले घेतली आणि तिच्याबरोबर स्टर्मी-आर्चरही आली. जपानच्या शिमानोने 1957 पासूनच आपला तीन गिअरचा हब बनवायला घेतला होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सायकलींची लाट आली, 1973 मध्ये एका वर्षात तिथे दीड कोटीच्या आसपास सायकली खपल्या, आणि त्या लाटेला हवी होती दहा गिअरची, डेरेलर (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) लावलेली, बारीक चाकांची सायकल. बंद हबातल्या तीन गिअरांना त्या गर्दीत जागा नव्हती. स्टर्मी-आर्चरने 1966 मध्ये पाच गिअरचा हब काढला होता, म्हणजे डोके आणि हात दोन्ही शाबूत होते. पण तो हब पुढे वाढवायला, यंत्रे बदलायला लागणारा पैसा मालकांच्या तिजोरीतून येणार होता, आणि मालकांच्या दृष्टीने सायकल हा मावळता धंदा होता. 1987 मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने रॅले डर्बी नावाच्या समूहाला विकली. नव्वदच्या दशकात शिमानोचे सात गिअरचे हब हॉलंड-जर्मनीच्या शहरी सायकलींवर बसू लागले, त्या वेळी नॉटिंगहॅमला खर्च कमी करण्याचेच विचार चालू होते. 2000 मध्ये डर्बीने स्टर्मी-आर्चर लेनार्क नावाच्या खरेदीदाराला विकली, काही महिन्यांतच ती दिवाळ्यात गेली आणि यंत्रे, नकाशे, नाव हे सारे तैवानच्या सनरेसने विकत घेतले. आज या नावाचे हब तैवानात बनतात आणि चांगले बनतात.

म्हणून मी असे म्हणेन की हब बुडाला नाही, त्याला पोसणारे घर आधी ढासळले. ज्या कारखान्याचे एकच मोठे गिऱ्हाईक आहे आणि तेच गिऱ्हाईक त्याचे मालकही आहे, त्याला स्वतःचे भविष्य स्वतः ठरवता येत नाही. बिर्लानगरच्या मिलच्या आसपास वाढलेल्या आपल्या पिढीला हे वेगळे सांगायला नको.

चढउतार, थाटीपूर

हत्यारखाना काकांनी लिहिलेल्या मुद्द्याशी मी सहमत आहे, पण त्यात एक भर घालतो. काही कंपन्यांचा मालक वेगळा नव्हता, गिऱ्हाइके अनेक होती, वस्तू सगळ्यांपेक्षा सरस होती, आणि तरीही त्या गेल्या. जपानच्या सनटूरची गोष्ट तशी आहे. मी दहा वर्षे पुण्यात होतो, तिथे एका जुन्या टूरिंग सायकलीवर सनटूरचा मागचा डेरेलर मिळाला, आणि तो आजही माझ्या सायकलीवर आहे, त्यामुळे या विषयात माझा जीव गुंतलेला आहे.

सनटूर हे ओसाकाजवळच्या मायेदा कंपनीचे नाव. 1912 पासूनचा कारखाना, सुरुवात फ्रीव्हीलपासून. 1964 मध्ये त्यांच्या नोबुओ ओझाकी यांनी डेरेलरच्या समांतरभुज चौकोनाला तिरपे केले. वाचताना हे किरकोळ वाटेल. पण मागची चाके लहानापासून मोठ्यापर्यंत शंकूसारखी रचलेली असतात. त्याआधीचा डेरेलर आडवा सरकत असे, म्हणून लहान चाकाखाली आला की वरची पुली चाकापासून फार लांब राही आणि चेन बदलताना घोळ घाली. ओझाकींनी सरकण्याची दिशाच शंकूच्या उताराला समांतर केली. पुली प्रत्येक चाकापासून सारख्याच अंतरावर राहू लागली. माझा डेरेलर मी टेबलावर उलटा धरून बोटाने सरकवतो तेव्हा आजही ती तिरपी चाल पाहून समाधान वाटते. त्या काळात युरोपातले कित्येक महागडे डेरेलर याच्यापेक्षा वाईट चालत, आणि हा त्यांच्यापेक्षा स्वस्त मिळत असे.

हे ‘स्वस्त’ लक्षात ठेवा. एकस्वाच्या (पेटंटच्या) जोरावर वीस वर्षे दुसऱ्या कोणाला ही रचना वापरता येत नव्हती. त्या वीस वर्षांत सनटूरने भाव वाढवून पैसा साठवला नाही, कमी नफ्यात चांगला माल दिला. स्वार म्हणून मला याचा आदर वाटतो. पण त्याच काळात साकाई शहरातली शिमानो दुसरीकडे तयारी करत होती. तिने साठच्या दशकातच थंड घडाईचे तंत्र आणले होते, म्हणजे धातू लाल न करता दाबाने आकार देऊन कमी खर्चात नेमके भाग काढता येत. 1970 पासून ती मासेमारीचे सामानही बनवत होती, म्हणजे सायकलींच्या मंदीत आधाराला दुसरा धंदा होता. आणि अमेरिकेची ती लाट 1975 पर्यंत निम्म्यावर आली होती, हे विसरू नये.

1984 च्या सुमारास एकस्वाची मुदत संपली. शिमानोने त्याच वेळी तिरपा चौकोन उचलला आणि त्याला खटक्याने बदलणारा गिअर जोडला. आधी स्वार कानाने आणि हाताने अंदाज घेऊन गिअर जुळवत असे, आता खट् झाले की गिअर लागला. हे जमण्यासाठी खटका, तार, तारेचे आवरण, डेरेलर, चेन आणि मागची चाके यांची मापे एकमेकांशी तंतोतंत जुळावी लागतात. शिमानोने हे सगळे भाग एकत्र आखले आणि एकत्रच विकले. सनटूरने घाईने आपली खटक्याची पद्धत आणली, पण दुकानदारांनी आणि कारखान्यांनी तिच्याबरोबर दुसऱ्यांची चेन, दुसऱ्यांची चाके लावली की ती नीट बसत नसे, आणि दोष सनटूरच्या नावावर जमा होई. ज्या कंपनीची ख्याती ‘कुठेही लावा, चालतो’ अशी होती तिला हा फटका असह्य झाला.

यात दोन गोष्टींची भर पडली. एक, 22 सप्टेंबर 1985 ला न्यूयॉर्कमध्ये बड्या देशांनी डॉलर उतरवण्याचा करार केला, त्यानंतर येन झपाट्याने वधारला. एका डॉलरला 240 च्या आसपास येन मिळत होते, ते 1988 पर्यंत 125-130 वर आले. अमेरिकेला निर्यात करून कमी नफ्यावर जगणाऱ्याने हा खड्डा कशाने भरायचा? शिमानोलाही तोच येन होता, पण तिच्या गाठीला पैसा होता आणि तिचा माल कारखान्यांना टाळता येत नव्हता. दुसरी गोष्ट सवलतीची. पूर्ण संच घेणाऱ्या सायकल कारखान्यांना शिमानो सूट देते, त्यामुळे एकच भाग बनवणाऱ्यांना दार बंद होते, अशी तक्रार घेऊन अमेरिकेतली स्रॅम कंपनी 1990 मध्ये न्यायालयात गेली आणि पुढे बाहेरच तडजोड झाली. सनटूरपर्यंत त्या तडजोडीचा उपयोग पोहोचला नाही. 1988 मध्येच मायेदा आणि सायकलचे भाग बनवणारी साकाए या दोन्ही कंपन्या मोरी समूहाकडे गेल्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत सनटूरचे डेरेलर सायकलींवरून गेले. आता एसआर सनटूर हे नाव तैवानच्या कंपनीकडे आहे आणि तुम्हाला ते आपल्या इथल्या दुकानात पुढच्या चिमट्याच्या सस्पेन्शनवर दिसेल.

काका म्हणतात तसे वापरणारा आणि विकत घेणारा हे दोघे वेगळे असतात, हे इथेही खरे ठरते. पण सनटूरच्या बाबतीत मला वाटते की विक्रीचा प्रश्नच बदलला होता. कारखाना आधी विचारायचा, ‘तुमचा डेरेलर कसा आहे?’ नंतर विचारू लागला, ‘तुमचा पूर्ण संच आहे का?’ पहिल्या प्रश्नाला सनटूरकडे जगातले सर्वोत्तम उत्तर होते.

दौलतगंजवाला, ग्वाल्हेर

आमचे सायकलच्या सुट्या भागांचे दुकान आहे, तिसरी पिढी. वरच्या दोघांचे लिखाण वाचून आनंद झाला. परदेशातल्या कंपन्यांचे मला फारसे ठाऊक नाही, काउंटरवरून जे दिसते ते लिहितो.

आपल्या काळ्या सायकलीचे फ्रीव्हील एकाच मापाच्या आट्यांवर चढते, इंचाला 24 आटे, आणि ते माप आजोबांच्या काळापासून बदललेले नाही. स्वारासाठी हे वरदान आहे, कारण ग्वाल्हेरहून भिंडला जाताना वाटेत कोणत्याही गावात त्याला भाग मिळतो. पण बनवणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की लुधियानाच्या गल्लीतला कोणीही तेच फ्रीव्हील बनवू शकतो आणि ते तुमच्या फ्रीव्हीलच्या जागी बसते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. फरक आत असतो. चांगल्या फ्रीव्हीलमध्ये छर्रे ज्या वाटेवरून फिरतात ती वाट कडक केलेली आणि घासून गुळगुळीत केलेली असते. स्वस्तात तेवढीच पायरी गाळतात. मी माझ्या मुलाला शिकवले आहे की फ्रीव्हील आडवे धर, हळू फिरव आणि कानाजवळ ने. चांगल्यात कुत्र्यांचा टिकटिक आवाज एकसारखा येतो आणि बोटांना खरखर लागत नाही. स्वस्तात मधे कुठेतरी अडल्यासारखे होते. पण गिऱ्हाईक फ्रीव्हील कानाला लावत नाही, भाव विचारते.

पंजाबातल्या एका कारखान्याचे फ्रीव्हील माझ्या वडिलांनी तीस वर्षे विकले. नाव लिहीत नाही, कारण ती माणसे अजून आहेत आणि त्यांनी आमच्याशी कधी वाकडा व्यवहार केला नाही. त्यांचा माल परत आल्याचे मला आठवत नाही. मग एका वर्षी दिवाळीआधीची ऑर्डर आलीच नाही. फोन केला तेव्हा मालक म्हणाले की पोलाद घ्यायला पैसा नाही. त्यांचा बहुतेक माल सायकल कारखान्यांना जात होता, आणि ज्या मोठ्या कारखान्याला ते निम्म्याहून अधिक माल देत त्याने चार महिन्यांचे पैसे थकवले होते. पोलादवाला रोख मागत होता, कामगारांना पगार दर सात तारखेला द्यायचा होता, बँकेने मर्यादा वाढवली नाही. माल उत्तम, ऑर्डर हातात, आणि कारखाना बंद. वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटच्या खोक्यातले एक फ्रीव्हील मी ठेवले आहे, ते विकायचे नाही.

लष्करकर यांनी मालनपूरचा उल्लेख केला म्हणून लिहितो. ॲटलसचा मालनपूरचा कारखाना 2014 मध्ये बंद झाला, मग सोनीपतचा, आणि 3 जून 2020 रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, साहिबाबादचा. त्या दिवशी दरवाजावर लावलेल्या नोटिशीत रोजचा कच्चा माल घ्यायलाही पैसे उरले नसल्याचे म्हटले होते. एवढे नाव असलेली कंपनी, जिची सायकल आपल्या निम्म्या शहराने चालवली. आता विचार करा, असा एक कारखाना थांबतो तेव्हा त्याला रिम, आरे, पायडल, सीट, मडगार्ड पुरवणारे किती छोटे कारखाने त्याच दिवशी अर्धे होतात. त्यांच्या दरवाजावर कोणी नोटीस लावत नाही, म्हणून ती बातमीही होत नाही.

माझ्या मते पहिले कारण उधारी. भाव, तंत्र, येन हे सगळे नंतर येते. छोटा कारखाना तोट्यात असतानाही दोन-तीन वर्षे निघतात, पण हातात रोकड नसेल तर महिनाभरातच कुलूप लागते.

लष्करकर, ग्वाल्हेर

तिघांचेही मनापासून आभार. घरी सगळ्यांना वाचून दाखवले, वडील फ्रीव्हीलच्या गोष्टीपाशी थांबले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या आवाजातच विचारतो. वस्तू चांगली असण्याचा मग बनवणाऱ्याला काहीच आधार नाही का? तसे असेल तर कोणी चांगले का बनवावे?

हत्यारखाना, ग्वाल्हेर

वडिलांना नमस्कार सांगा. आधार आहे, पण त्याला एक अट आहे आणि ती स्टर्मी-आर्चरच्याच घरात दिसते. ब्रुक्सच्या चामड्याच्या सीट त्या वेळी त्याच कंपनीच्या छत्राखाली होत्या. 1866 पासूनचा बर्मिंगहॅमचा कारखाना. 2000 मध्ये लेनार्क बुडाली तेव्हा ब्रुक्सही त्याच गाळात होती. तिला मात्र इंग्लंडमध्येच खरेदीदार मिळाला, 2002 मध्ये इटलीच्या सेल्ले रोयालने ती घेतली, आणि चामड्याच्या सीट आजही बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेदिकला बनतात. एकच मालक, एकच वर्ष, एकच संकट. फरक असा की सीट स्वाराला दिसते, त्याच्या अंगाला लागते, सवयीची होते, आणि तो दुकानात जाऊन नाव घेऊन तीच मागतो. नवी सायकल घेतली तरी जुनी ब्रुक्स काढून तिच्यावर चढवतो. म्हणजे तिचे गिऱ्हाईक स्वार स्वतः आहे. हब कवचाच्या आत बसलेला असतो, त्याला नावाने मागणारे थोडे.

दौलतगंजवाला यांचे उधारीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. ते माझ्या लिखाणात यायला हवे होते. एकच मोठे गिऱ्हाईक असले की उधारीला नाही म्हणता येत नाही, म्हणजे दोन्ही कारणे एकाच मुळाची आहेत.

आणि चांगले का बनवावे, या प्रश्नावर टूलरूमच्या माणसाचे उत्तर एवढेच की दुसऱ्या तऱ्हेने काम करताना हात वळत नाही. यावर धंदा चालतो असे मी म्हणणार नाही. धंदा चालवायला दुसरे कोणीतरी तितकेच चांगले लागते, आणि बहुतेक वेळा तेच कमी पडले.

चढउतार, थाटीपूर

काकांच्या अटीला एक अपवाद. फ्रान्सच्या माविकच्या रिमा स्वार नावानेच मागत असत, तरीही 2020 मध्ये ती कंपनी न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली. त्याआधी सालोमाँ, आदिदास, आमेर आणि मग एक अमेरिकी गुंतवणूकदार अशी तिची मालकी फिरत राहिली होती. त्याच वर्षी एका फ्रेंच कुटुंबाच्या समूहाने ती घेतली म्हणून वाचली. म्हणजे नाव मागणारे असले तर निदान कोणीतरी विकत घ्यायला पुढे येते, एवढे म्हणता येईल.

लष्करकर, ग्वाल्हेर

रविवारी हब उघडला. दौलतगंजवाला यांनी त्यांच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना घरी पाठवले, त्यांचे आभार कसे मानावेत कळत नाही. आतले ग्रीस पिवळ्या मेणासारखे झाले होते. डावीकडचे दोन्ही कुत्रे खाली चिकटून बसले होते, रॉकेलमध्ये अर्धा तास ठेवल्यावर पहिला हलला, दुसऱ्याची स्प्रिंग तुटलेली निघाली. मिस्त्रींनी डब्यातली बारीक पोलादी तार पक्कडीने वाकवून तशीच स्प्रिंग तयार केली, तिसऱ्या प्रयत्नात ती बसली. छोट्या चाकांचे दाते वडिलांनी चष्मा वर करून एकेक पाहिले. झीज नाही.

तार लावताना वडील नटाच्या भोकाला डोळा लावून बसले आणि मी साखळीचा पेच फिरवत होतो. ‘अजून थोडा, अजून, बस्स’ म्हणाले. दांडा एक्सलशी एका पातळीत आला. संध्याकाळी पडाव पुलावर पहिल्या गिअरमध्ये चढलो, एकदाही निसटला नाही. परत येताना वडिलांनी सायकल मागितली आणि स्वतः चालवत आणली.

तार जुनीच आहे, ती बदलायची आहे. दौलतगंजवाला, तुमच्याकडे असेल तर मंगळवारी येतो.